हातावर बंद, कानाशी चालू

लग्नाकार्यात कुणाच्या मनगटावर पातळ घड्याळ दिसलं की मी आजही त्याला म्हणतो, "जरा काढ, खाली काय आहे बघू." लोकांना वाटतं म्हाताऱ्याला कंपनी बघायची आहे. कंपनीशी मला काही देणंघेणं नाही, मला घड्याळाखाली काय आहे ते बघायचं असतं. बहुतेकांच्या घड्याळाखाली घामाचा पांढरा डाग असतो, बाकी काही नसतं. तरी मी बघतो. ही खोड मला चिंचणीच्या एका लग्नानं लावली आणि ते प्रकरण आता या अंकाच्या संपादकीणबाईंच्या तगाद्यामुळे लिहितो आहे. त्यांना माझ्या धंद्यातले आनंदाचे क्षण हवे होते. मी त्यांना सांगितलं, बाई, जन्मभर डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसाला आनंद दिसत नाही, त्याला कचरा दिसतो. त्या म्हणाल्या, मग कचऱ्याचं लिहा.

माझं दुकान म्हणजे पालघरला माहीमच्या रस्त्यावर एका कापडवाल्याच्या ओट्यावर मांडलेली काचेची पेटी, एक स्टूल आणि गिऱ्हाइकासाठी एक बाक. साठच्या दशकात आसपासच्या गावांतली घड्याळं तिथे यायची आणि घड्याळांबरोबर खोटं बोलणारी माणसंही यायची. डॉक्टरकडे गेलेला रोगी निदान कुठे दुखतं ते तरी खरं सांगतो. माझ्याकडे आलेला प्रत्येक जण एकच पाढा म्हणायचा: पडलं नाही, आपटलं नाही, पाणी लागलं नाही, आपोआप बंद पडलं. सातपाटीचा एक खलाशी शपथ घेऊन म्हणाला की घड्याळ समुद्रावर कधी नेलंच नाही. मी मागचं झाकण उघडलं तर चाकांवर मीठ फुललेलं आणि कडेला माशाचा एक खवला. चिमट्यात धरून तो त्याच्या नाकासमोर नेला, तर म्हणाला, "तो आदीपासनंच असंल." म्हणजे स्वित्झर्लंडहूनच आला असावा.

पण मिठाशी माझं वैर नव्हतं, मीठ धुता येतं. डोक्याला खरा ताप झाला तो पातळ घड्याळांच्या हौसेनं. तोवर आमच्या भागात घड्याळ जाडच हवं असायचं. तळहातावर घेऊन लोक वजन बघायचे, नारळ घेताना बघतात तसं. मग तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं. बोईसर स्टेशनवर परदेशी साहेब उतरू लागले आणि त्यांच्यातल्या कुणाच्या तरी मनगटावर, शर्टाच्या बाहीखाली सरकन जाणारं चपटं घड्याळ होतं. ते मी कधी पाहिलं नाही. पण ज्यांनी पाहिलं त्यांनी येऊन माझं डोकं खाल्लं. ज्यांना आयुष्यात पुऱ्या बाहीचा शर्ट ठाऊक नाही अशी माणसं बाहीखाली जाणारं घड्याळ मागू लागली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पातळ घड्याळ म्हणजे जाड घड्याळच, फक्त बाहेरचं कवच, म्हणजे केस, चपटी. तसं नसतं. आतलं मशीनच वेगळ्या घडणीचं लागतं. जाड घड्याळ म्हणजे पुडांचा जेवणाचा डबा. खाली स्प्रिंगचं डबडं, त्याच्या बाजूनं चढत गेलेली चाकं, चाकावर चाक, मधोमध सेकंदकाट्याची दांडी आणि ऑटोमॅटिक असेल तर सगळ्यांच्या डोक्यावर गरगर फिरणारं वजन. पातळ घड्याळ म्हणजे ताट. त्यात एकावर एक काही रचायचं नाही, सगळं शेजारी शेजारी वाढायचं. मग जागा पुरत नाही. म्हणून सेकंदकाटा काढून टाकतात, स्प्रिंगची पट्टी अरुंद करतात, चाकं कागदासारखी करतात. स्प्रिंग अरुंद म्हणजे जोर कमी, आणि जोर कमी म्हणजे धुळीच्या कणानंही घड्याळ अडतं. मशीन आणि मागचं झाकण यांच्यात केसाएवढी जागा उरते. हे सगळं जमवायला फार मोठा कारागीर लागतो, म्हणून पातळ घड्याळ जाडापेक्षा महाग असतं. हे शेवटचं वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावं. मी ते शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलं असेल आणि पटलेलं एकही आठवत नाही.

कोळगावच्या एका भातशेतीवाल्याकडे उत्तम जाड घड्याळ होतं. मेहुण्याच्या हातात पातळ दिसलं तेव्हापासून त्याला स्वतःच्या घड्याळाची लाज वाटायला लागली. ते पातळ करून द्या, म्हणून तो माझ्याकडे आला. मी त्याला डब्याचं आणि ताटाचं सगळं समजावलं. तो मान डोलावत गेला तो थेट सोनाराकडे. काही दिवसांनी घड्याळ रुमालात घेऊन परत आला. सोनारानं मागचं झाकण कानशीनं घासत घासत आरपार नेलं होतं. भोकातून आतलं चाक दिसत होतं. "आता थोडंच राहिलंय," तो म्हणाला, "तुम्ही आतलं मशीन जरा खाली दाबून बसवा." त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

या वेडाच्या भरातच पांडू तांडेल माझ्याकडे आला. तांडेल म्हणजे बोटीवरचा म्होरक्या. सातपाटीचा पांडू माझं जुनं गिऱ्हाईक आणि सगळ्या खलाशांत एकटाच खरं बोलणारा. घड्याळ समुद्रात पडलं असेल तर समुद्रात पडलं म्हणायचा. त्याच्या मुलीचं, मथुराचं लग्न चिंचणीच्या जनार्दनशी ठरलं होतं. जनार्दन तारापूरच्या कामावर एका ठेकेदाराच्या गोदामात सामानाची देवघेव बघायचा. आमच्याकडे जावयाला घड्याळ द्यायची पद्धत पडली होती, आणि जनार्दननं मध्यस्थामार्फत निरोप पाठवला होता की घड्याळ पातळ हवं. मी पांडूला म्हटलं, खारा वारा, घाम, सिमेंटची धूळ, यात पातळ घड्याळ म्हणजे हातानं दुखणं विकत घेणं. जाड घे, नातवंडं वापरतील.

"भाऊ, जावयानं तोंडानं पातल मागितलंय," पांडू म्हणाला. "मी जाड दिलं तर म्हनतील, सासऱ्यानं हात आखडला."

त्यानं भाच्याकरवी मुंबईहून घड्याळ आणवलं. ते कोणत्या वाटेनं देशात आलं हे मी विचारलं नाही. पट्टा बसवायला माझ्याकडे आणलं तेव्हा मी झाकण उघडलं आणि कामधाम सोडून नुसता बघत बसलो. राग राग करूनही खोटं कशाला बोलू? रुपयाच्या दोन नाण्यांएवढ्या जाडीत त्या लोकांनी सगळा संसार मांडला होता आणि एक चाक दुसऱ्याच्या वाटेत येत नव्हतं. असं मशीन घडवणाऱ्याला मी भेटलो असतो तर त्याच्या पाया पडलो असतो आणि मग विचारलं असतं, बाबा रे, हे चिंचणीला चालेल का?

चिंचणीला ते चाललं नाही. लग्न झालं, मथुरा सासरी गेली आणि दुसऱ्याच दिवशी घड्याळ बंद. त्याचं कारण साधं होतं. जनार्दनच्या सुपरवायझरचं घड्याळ ऑटोमॅटिक होतं, हात हलला की आपोआप चावी भरणारं. आपलंही तसंच असणार असं धरून जनार्दननं चावीला हातच लावला नव्हता. कुणीतरी चावी दिली, घड्याळ सुरू झालं. पण तोवर जनार्दनच्या आईच्या तोंडून शब्द गेला होता: सून उंबऱ्याच्या आत आली आणि घड्याळ थांबलं. एकदा असा शब्द बाहेर पडला की तो परत आत घालायला कोणत्याही कारागिराकडे हत्यार नाही.

त्यानंतर घड्याळ खरोखरच बिघडलं. मनगटावर बांधलं की थांबायचं. सेकंदकाटा नसल्यानं थांबलेलं लगेच कळायचंही नाही. जनार्दन कामावर उशिरा पोचायचा, मग घड्याळ काढून कानाला लावायचा, तर टिकटिक चालू. हातावर बंद, कानाशी चालू. सासूनं ठरवून टाकलं की हा सुनेचा पायगुण. पांडू ते घड्याळ रुमालात बांधून माझ्याकडे घेऊन आला. मी सगळं मशीन खोललं, धुतलं, तेल दिलं आणि पेटीत ठेवलं. उभं, आडवं, पालथं, कसंही ठेवा, आठवडाभर एका मिनिटाचा फरक नाही. परत पाठवलं. चिंचणीला पोचलं की बंद.

पुन्हा रुमाल. या वेळी मला वाटलं, गोदामात लोखंड असतं, कुठेतरी चुंबक लागलं असेल. चुंबक लागलं की आतली बारीक स्प्रिंग चिकटते. होकायंत्र जवळ नेऊन पाहिलं, सुई जागची हलली नाही. बाकावर बोईसरच्या कामावरचा एक वेल्डर स्वतःच्या घड्याळाची वाट बघत बसला होता. त्यानं न विचारता निदान केलं, "अटम में काम करता है ना? हाथ में करंट बैठ गया होगा." तारापूरला तेव्हा नुसतं काँक्रीट ओतणं चाललं होतं, अणूचा पत्ता नव्हता. मी हे त्याला सांगितलं. त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पांडूला मात्र करंटची गोष्ट पटली, कारण त्यात त्याच्या मुलीचा दोष नव्हता. त्याच्यासाठी मलाही ती पटली असती तर बरं झालं असतं. मी पट्टा सैल बांधायला सांगून घड्याळ परत दिलं.

तिसऱ्यांदा पांडू आला तेव्हा मथुरा त्याच्याबरोबर होती. सासूनं तिला माहेरी पाठवलं होतं. घड्याळ चालतं झालं की ये, म्हणाली होती. लग्नातल्या बांगड्या अजून हातात होत्या. ती बाकावर बसली आणि मी काम करीत असताना त्या घड्याळाकडे एकटक बघत राहिली, ते आता तोंड उघडून काहीतरी सांगेल अशा आशेनं. बाप पान आणायला गेला तेव्हा तिनं विचारलं, "काका, हे माझ्यामुलं बंद पडतं का?"

माझा पारा चढला, तिच्यावर नाही, सगळ्या दुनियेवर. मी म्हटलं, "पोरी, घड्याळाला माणसं ओळखता येत नाहीत. तेवढी अक्कल त्याला नसते."

"मग माझी सासू का म्हनते?"

 मी मान खाली घालून मागचं झाकण उघडलं. आणि तेव्हा मला झाकणाच्या आतल्या बाजूला, अगदी मध्याजवळ, एक बारीकसा चकचकीत ठिपका दिसला. आधीच्या दोन खेपांना तो नव्हता. झाकण आत दबून मशीनवर घासलं होतं. घड्याळाचं हृदय म्हणजे बॅलन्स, ते मागेपुढे झोके घेणारं चाक. त्याला वरून धरणारी एक पट्टी असते. झाकण त्या पट्टीवर टेकलं की पट्टी खाली दबते आणि बॅलन्सच्या टोकाला हलायला जागा उरत नाही. जाड घड्याळात झाकण आणि पट्टी यांच्यात इतकी मोकळी जागा असते की झाकणावर हातोडी ठेवली तरी चालेल. पातळात ती नसते. म्हणजे जनार्दनच्या मनगटावर काहीतरी त्या झाकणाला खालून दाबत होतं. पट्टा कितीही घट्ट ओढला तरी नुसत्या कातड्यानं एवढं होत नाही. मी पांडूला म्हटलं, आता घड्याळ बघून झालं, मला तो हात बघायचा आहे.

जनार्दनच्या सुट्टीच्या दिवशी मी बोईसरहून एस.टी.नं चिंचणीला गेलो. पांडूला बरोबर घेतलं नाही, कारण विहिणीसमोर तो आधीच अर्धा झाला होता. जनार्दनच्या आईनं ओट्यावर चटई घातली, चहा दिला. बाई कामाची, उन्हानं रापलेली, नवरा गेल्यावर एकटीनं पोराला वाढवलेली. वाईट म्हणावं असं तिच्यात मला काही दिसलं नाही, आणि त्यामुळे मी जास्तच वैतागलो. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. मी जनार्दनच्या हातात घड्याळ दिलं आणि म्हटलं, रोज बांधतोस तसं बांध.

त्यानं आईकडे पाहिलं. ती आत गेली आणि देवापुढून काळ्या दोऱ्यात ओवलेला एक ताईत घेऊन आली. हरभऱ्याच्या दाण्याएवढी तांब्याची पेटी, डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेतून आणलेली. तो तिनं पोराच्या डाव्या मनगटावर, नाडी बघतात त्याच्या बरोबर उलट बाजूला ठेवला, दोऱ्याला दोन गाठी मारल्या, त्याच्यावर घड्याळ ठेवलं आणि ताईत हलू नये म्हणून पट्टा खसकन ओढला.

मी विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, पहिल्यांदा बंद पडलं तेव्हापासून. कुणाची नजर लागू नये, घड्याळ चालतं राहावं म्हणून. घड्याळ माझ्याकडे यायचं तेव्हा ताईत देवापुढे राहायचा. म्हणून तो मला कधी दिसला नव्हता.

मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना. मी जनार्दनचा हात धरला, मनगटाला कान लावला. शांत. मग त्या माउलीला म्हटलं, मावशी, आता तुम्ही लावा. तिनं लावला. तिचा कान तिथेच असताना मी पट्ट्याचं बक्कल काढलं. टिकटिक सुरू झाली. पुन्हा ओढलं, बंद. पुन्हा सोडलं, सुरू. तिनं कान काढला आणि ताईत बोटानं चाचपला.

"म्हंजे देवीचं खोटं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, देवीचा काही संबंध नाही, ताईत दंडावर बांधा, तिथे देवीची ना नसेल. पण तिला ते मान्य नव्हतं. ताईत घड्याळासाठी होता, घड्याळाला लागूनच हवा. आणि मग मनातलं खरं शल्य बाहेर आलं. "घड्यालच हलकं. पापडासारकं. येवड्या लग्नात माज्या पोराला पापड दिला त्यांनी. चार बायका हातात घेऊन हसल्या."

आता मला कळलं की ही आग घड्याळ बंद पडण्याच्या आधीची होती. मी सगळं समजावलं. डबा सांगितला, ताट सांगितलं, हे घड्याळ जाडापेक्षा महाग आहे, मुंबईहून मुद्दाम आणवलं, हे सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"कमी लोखंडाचे जास्त पैसे कोन देतो?" ती म्हणाली.

मी भिंतीला टेकून बसलो. जनार्दन इतका वेळ पायाच्या अंगठ्यानं ओट्याचं शेण उकरत होता. माझा तोल गेला. परक्याच्या घरी, चहा पिऊन झाल्यावर आवाज चढवायचा नसतो, पण मी चढवला. मी म्हटलं, "जनार्दन, पातळ कुणी मागितलं होतं? आईला सांग. तिकडे एक पोर बापाच्या घरी बसून स्वतःचे पाय तपासते आहे."

त्यानं अंगठा थांबवला. मग उकरलेलं शेण पायानं सारखं करत म्हणाला, "मीच मागितलं व्हतं, आये. साहेबासारकं हवं व्हतं."

बाई उठली, चहाची कपबशी उचलून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज मात्र आला नाही. बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. "ताईत निगनार नाय," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, नको निघायला. मग घड्याळ जाड करतो.

जनार्दनचा चेहरा पडला तो मला फार आवडला. माझ्या खणात एका मेलेल्या घड्याळाची जाडजूड पोलादी केस पडून होती. ते नाजूक मशीन मी तिच्यात बसवलं. मशीन लहान, केस मोठी, म्हणून भोवती पितळेचं कडं घासून घातलं. चावीची दांडी केसच्या भोकापर्यंत पोचेना, लांब दांडी शोधली, ती भोकाच्या रेषेत येईना, म्हणून कडं पुन्हा काढून खालून उचललं. मोठ्या काचेत ती लहान डायल विहिरीच्या तळाशी बसल्यासारखी दिसायला लागली. असलं कुरूप काम मी त्याआधी केलं नव्हतं, नंतरही नाही. त्या परक्या कारागिरानं जी जाडी जिवाच्या आकांतानं काढून टाकली होती, ती मी परत भरली होती. पण झाकणावर अंगठा कितीही दाबला तरी टिकटिक अडेना.

मी पांडूला निरोप धाडला की घड्याळ झालं, पोरीला पाठव. पांडू दुसऱ्या दिवशी आला, एकटाच, आणि खाली मान घालून बाकावर बसला. मथुरा जायला तयार नव्हती.

"ती म्हनते," पांडू म्हणाला, "घड्याल चाललं म्हनून मी जायाचं, तर उद्या थांबलं की परत यायाचं का? सासू न्यायला आली तर जाईन."

मी डोक्याला हात लावला. दोन घरांचा गुंता सोडवता सोडवता माझं निम्मं काम पडून राहिलं होतं, आणि आता नवरी अडून बसली. मी म्हटलं, तांडेल, समजाव तिला, ती बाई असल्या गोष्टीला येणार नाही. पांडू म्हणाला, समजावलं. तिनं सरळ सांगितलं, सुकत घातलेले बोंबील मी येकटी उलटीन, पन माझ्या पायानं जानार नाय. त्याच्या आवाजात काळजी होती आणि खाली कुठेतरी थोडी ऐटही होती. तसा निरोप त्यानं चिंचणीला धाडला होता. मी मनात म्हटलं, संपलं.

त्यानंतर एका सकाळी जनार्दनची आई माझ्या ओट्यासमोर उभी. ठेवणीतलं लुगडं, हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. बसली नाही. म्हणाली, घड्याळ द्या. मी दिलं. तिनं ते तळहातावर घेतलं, हात वरखाली केला, वजन पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम सैलावला. "आता घड्याल दिसतं," म्हणाली. मी केलेलं सगळ्यात भिकार काम, आणि त्याला मिळालेली ही शाबासकी.  तिनं घड्याळ पदराच्या टोकाला बांधलं, कनवटीला खोचलं आणि रस्त्याकडे बघत विचारलं, "दादा, सातपाटीची गाडी कुठं लागते?"

मी स्टुलावरून उठून तिला थांब्यापर्यंत पोचवून आलो. दुकान उघडं टाकून मी असा दुसऱ्या कुणासाठी गेलेला नाही.

मथुरा सासरी गेली. हा किस्सा मी पुढे कित्येकांना सांगितला आणि दर वेळी तो त्या गाडीच्या थांब्यापाशी संपवत आलो, कारण तिथे संपवला की मला बरं वाटतं. पण तो तिथे संपला नाही. बऱ्याच वर्षांनी, मी दुकान आवरायला काढलं होतं तेव्हा मथुरा आली. केस पांढरे व्हायला लागलेले, चालणं बापासारखं, पाय रोवून. जनार्दन तारापूरलाच कायम झाला होता आणि त्याच्या हातात आता बॅटरीवरचं घड्याळ होतं, अर्थात पातळ. सासू वारली होती. ते जाडजूड ध्यान मथुराच्या मनगटावर होतं. तेल सुकलंय, म्हणाली, धुऊन द्या. तिनं पट्टा सोडला आणि खाली तोच तांब्याचा ताईत, झिजून गुळगुळीत झालेला.

झाकणावर ताईतानं मोठा ओरखडा पाडला होता. मी म्हटलं, झाकण बदलून देऊ का? खणात एक आहे.

"नको. सासूची निशानी हाय ती," मथुरा म्हणाली. मग माझ्या चिमट्याकडे बघत म्हणाली, "तवा तुमी घड्यालाला जाड झाकन घातलंत, काका. मला कोन घालनार व्हतं? ते माझं मीच घातलं."

 सासूशी तिचं पुढे कसं जमलं, किती सोसलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. घड्याळाचं तेवढं दर खेपेला पांडूला विचारत आलो होतो. मी मशीन धुतलं, तेल दिलं, चावी भरली, घड्याळ तिच्या हातात ठेवलं. तिनं आधी ताईत नीट मध्यावर सरकवला, त्यावर घड्याळ ठेवलं आणि पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला. मग मनगट कानाशी नेलं.

"चालतंय," म्हणाली, आणि चिंचणीला जायला निघाली.